मदत हवी आहे: टेबलावर वाढायला जुनी भांडी निवडायची आहेत, पण आमचं जेवण आंबट!

सुरंगी

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी ठाण्याचं बिऱ्हाड आवरून आम्ही दोघं गुहागरजवळच्या घरी कायमचे राहायला आलो. माळ्यावर पडून असलेल्या फणसाच्या फळ्यांचं जेवणाचं टेबल करून घेतलं. साडेपाच फूट लांब, तीन फूट रुंद, आठ माणसं दाटीवाटीने बसतात. गणपतीला दोन्ही नणंदा मुलासुनांसकट येणार आहेत. तेव्हा गॅसवरची पातेली उचलून टेबलावर न आणता घरातल्या जुन्या भांड्यांतून वाढावं, असं फार मनात आहे. शोभेची मांडणी मला नको. ही भांडी रोज घासली जातील, त्यांत पळी फिरेल, मुलं ती आपल्याकडे ओढून घेतील.

पेटाऱ्यातून आणि माळ्यावरून जे निघालं ते असं.

एक काशाचं तसराळं. निदान सासूबाई तरी काशाचं म्हणतात. जड आहे, रंग पितळेपेक्षा फिका. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी टोचून नाव घातलंय, पण घासून घासून पुसट झालंय. शेवटी 'श' आणि १८५१ एवढं स्पष्ट वाचता येतं. आमचे हे म्हणतात, म्हणजे पावणेदोनशे वर्षांचं भांडं, ते कपाटात ठेव, हात लावू नकोस. मला ते वापरायचंय.

दोन चिनी मातीचे झाकणवाले बोल, पांढऱ्यावर निळी नक्षी, काठाला सोनेरी रेघ. तळाशी इंग्रजीत 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का आहे. सासऱ्यांचे काका बोटीवर कामाला होते, त्यांनी आणले असावेत. एकाच्या आतल्या बाजूला केसासारख्या बारीक रेषा दिसतात.

एक पितळी गंज (उभट पातेलं), दोन्ही बाजूंना कड्या. कल्हई जवळजवळ गेलेली, आत तांबूस-पिवळं दिसतं.

एक पांढरं, निळ्या काठाचं एनॅमलचं भांडं. दोन ठिकाणी टवके उडून काळं लोखंड उघडं पडलंय.

शिवाय मुंबईतल्या एका दुकानात पाय असलेला एक चकचकीत बोल पाहिला. दुकानदार 'विलायती चांदी' म्हणाला आणि चांदीच्या हिशेबाने किंमत सांगितली. खाली ई.पी.एन.एस. अशी अक्षरं होती. अजून घेतला नाही, पण मन तिकडे ओढ घेतंय.

आता खरी अडचण. आमच्या घरात आंबट नाही असा पदार्थ विरळा. सोलकढी, आमसुलाचं सार, चिंच घातलेली आमटी, बांगड्याचं तिखलं. माझ्या आईकडे एकदा पितळेच्या भांड्यात कोकमाचं सार राहिलं आणि सगळं कळकलं. ती हिरवट चव अजून जिभेवर आहे. पाहुण्यांच्या ताटात तसं काही जाता कामा नये. तर कुठल्या भांड्यात काय वाढावं, कुठलं नुसतं जपावं, आणि नवीन (म्हणजे जुनंच!) काही घ्यायचं तर काय पाहून घ्यावं?

राहता राहिलं एक. मागीलदारी एक काळी दगडी (दगडाचं कोरीव भांडं) आहे, वीतभर व्यासाची. तिच्यात मी पाखरांना पाणी ठेवते. ती या यादीत धरली नाही.

चौपाखी

सुरंगीताई, आधी त्या १८५१ चं बघू. तो 'श' म्हणजे शके. भांड्यावर नाव घालताना आपल्याकडे सर्रास शकच घालत. शकात ७८ मिळवा, म्हणजे १९२९. पौषापासून पाडव्यापर्यंतचे शेवटचे तीन महिने असतील तर ७९, म्हणजे १९३०. तेव्हा भांडं सुमारे पंचाण्णव वर्षांचं आहे. वापरायला हरकत नाही आणि अभिमान बाळगायलाही पुष्कळ झालं. फक्त नावाच्या जागी तारेची घासणी कधीही लावू नका. पितांबरीसुद्धा तेवढा भाग सोडून. ती अक्षरं गेली की भांड्याचा जन्मदाखला गेला.

काशाची खूण सांगतो. तळव्यावर तोलून धरा आणि नखाने टिचकी मारा. काशाचा नाद लांबतो, देवळातल्या घंटेसारखा. पितळेचा लवकर विझतो. कासं म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कथील इतकं असल्यामुळे काशाला कल्हई लागत नाही, पण त्याच कारणाने ते ठिसूळही असतं. पितळ पडलं तर पोचा येतो, कासं पडलं तर तडकतं. फरशीवर काम करणाऱ्या मुलीला आधीच सांगून ठेवा.

त्यात भात, मऊभात, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ खुशाल वाढा. आंबट मात्र नको. पितळेइतकं कळकत नाही, पण तासभर सार राहिलं तर चव आणि रंग दोन्ही बदलतात.

पाणंद

गो बाय, तां काशाचा भांडा कपाटात ठेव नको आणि मोडीत तर देवच नको. माझ्या आयेन असलाच एक भांडा स्टीलच्या चार डब्यांका दिल्यान. अजून हळहळता. तेचेत पेज वाढ, वांगडा सुक्या सुंगटाची किसमूर. मगे बघ कोण उठता ता पानावरसून.

खारेवारे

जपानी बोलांबद्दल लिहिते, कारण आमच्या घरीही तसेच आहेत. रत्नागिरीच्या पट्ट्यातली कितीतरी माणसं पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर खलाशी होती, आणि बंदराबंदरातून येताना चिनी माती, काच, घड्याळं असं काहीबाही घेऊन यायची. तुमच्या शिक्क्यावरून काळ नेमका सांगता येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सैन्याने जपान ताब्यात ठेवलं ते १९४५ ते १९५२. तो शिक्का त्या सात वर्षांतल्या निर्यातीच्या मालावरच सापडतो. त्याआधीची जपानी भांडी असतील तर 'निप्पॉन' हा शिक्का साधारण १८९१ ते १९२१ मधला. १८९१ पासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं आणि १९२१ नंतर 'निप्पॉन' ऐवजी 'जपान' लिहावं लागलं. दुकानात कोणी 'दीडशे वर्षांपूर्वीचा जपानी बोल' म्हणून 'मेड इन जपान' पुढे केला, तर हे लक्षात असू द्या.

आता खाण्याचं. जुन्या झिलईत आणि रंगात शिसं असण्याची शक्यता असते, आणि आंबट, गरम पदार्थ ते ओढून घेतात. नक्षीवरून बोट फिरवा. रंग खडबडीत, वर उठून आल्यासारखा लागला तर तो झिलईच्या वर चढवलेला आहे. असा रंग आतल्या बाजूला असेल तर त्यात ओलं काही नको. बारीक रेषांचा बोल तर ओल्या पदार्थांना अजिबात नाही. त्या रेषांत तेल-हळद शिरते, वास राहतो. त्यात उकडीचे मोदक केळीच्या पानावर मांडा, नाहीतर केळी, पेरू ठेवा.

टिचकी यांनाही लागू आहे. माठ घेताना वाजवून घेतो तसंच. बोल बोटांच्या टोकांवर तोलायचा, खणखणीत वाजला तर धड, बद्द वाजला तर कुठेतरी तडा किंवा चिकटवलेला जोड. धड बोलातही उकळतं काही एकदम ओतू नका. आधी कोमट पाण्याने भांडं शेकून घ्या. सोनेरी रेघ आहे म्हणून मायक्रोवेव्ह नाही, हे सांगायला नकोच.

केवडा

तुमच्या पितळी गंजासाठी: कल्हई करून घ्या, भांडं सोन्यासारखं आहे. कल्हईवाल्याकडे स्वतः उभ्या राहा. भांडं तापवून, नवसागर टाकून कापसाने कथील फिरवतात, दहा मिनिटांचं काम. आधी त्याच्याकडची कथलाची कांडी बघायला मागा. शुद्ध कथील वाकवलं की करकर असा बारीक आवाज येतो. शिसं मिसळलेलं असेल तर तो आवाज विरतो. लाजू नका विचारायला, पोटात जाणारी वस्तू आहे. कथील २३२ अंशाला वितळतं, तेव्हा नंतर ते भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नाही. तुम्ही नुसतं वाढायलाच वापरणार, म्हणजे कल्हई भरपूर टिकेल. तरी चिंचगुळाची आमटी जेवणापुरतीच ठेवा, उरली तर लगेच स्टीलमध्ये काढा.

ई.पी.एन.एस. म्हणजे चांदी नाही. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चढवलेला चांदीचा पातळ थर. ही पद्धत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांच्या १८४० च्या पेटंटपासून रुजली. खऱ्या विलायती चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असतो. तेव्हा चांदीच्या हिशेबाने पैसे देऊ नका. काठ आणि पायांच्या कडा बघा, झिजून पिवळट दिसत असेल तर थर गेलाय. मिठाने त्यावर खड्डे पडतात, आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो सारखा काळवंडणार. मला विचाराल तर सोडून द्या.

एनॅमलच्या भांड्यात फुलं ठेवा. टवके उडालेल्या जागी गंज चढतो आणि शेजारचे कणही सुटत राहतात.

चौपाखी

मापाचं राहिलं. तीन फुटी टेबलावर दोन्ही बाजूंची ताटं प्रत्येकी फूटभर जागा घेतात. मधे उरतो जेमतेम फूट. म्हणजे नऊ-दहा इंचांपेक्षा रुंद भांडं मधे बसलं की कोपर लागणार. आणि भांडं विकत घेताना किंवा माळ्यावरून काढताना पाण्याने भरून मोजा, काठाखाली दोन बोटं सोडून. माणशी दोन वाट्या आमटी, वाटी दीडशे मिलीची, आठ जणांना झाले दोन लिटर चारशे. तुमचा गंज तेवढा घेतो का बघा. बोल तेवढं घेणार नाहीत.

खारेवारे

आणि ताई, ती दगडी! पाखरांना मातीचं पसरट भांडं द्या आणि दगडी आत आणा. आमच्या आजीकडे कढी, सार, ताक, कैरीचं लोणचं, सगळं आंबट दगडीतच. आंबटाने तिला काही होत नाही. मऊ काळ्या दगडाची आहे ना? नख ओढलं तर पांढुरकी रेघ उमटते? मग तीच. घासून चार दिवस तांदळाच्या गरम पेजेने भरून ठेवा, मग तेलाचा हात फिरवा. एकदम आगीवर नको, हळूहळू तापवायची. सोलकढी तिच्यातून वाढा. पळी म्हणून नारळाच्या करवंटीची डवली घ्या, कुठलंच जुनं भांडं चरत नाही तिने.

सुरंगी

किती आपलेपणाने लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्रीपासून घरभर टिचक्या मारतेय. तसराळं घुमलं, सासूबाई आतून विचारायला आल्या की घंटा कोण वाजवतंय. एक जपानी बोल खणखणीत वाजला. रेषांचा होता तो बद्द.

दगडीवर नख ओढलं. पांढरी रेघ! घासून पेज भरून ठेवलीय. पाखरांना माठाची फुटकी बुडखी दिली, सकाळी दयाळ येऊन बसला.

गंजात दोन लिटर सहाशे पाणी मावलं. कल्हईला चिपळूणला न्यायचाय. तो मुंबईचा बोल सोडला. दुकानदाराला फोनवर सिंहाचं विचारलं तर म्हणाला, घ्यायचा तर घ्या.

आणि १९२९ चं सासूबाईंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, त्यांच्या सासूबाईंचं लग्न 'कायदा यायच्या आत' उरकलं होतं, वय वर्षं नऊ. मी तारखा पाहिल्या. बालविवाह रोखणारा शारदा कायदा लागू झाला १ एप्रिल १९३० ला, आणि शके १८५१ संपलं त्याच्या एक-दोन दिवस आधी. त्या घाईत लावलेल्या लग्नातलं हे भांडं. नाव वाचता येत नव्हतं ते सासूबाईंनी बोटाने चाचपून सांगितलं. माहेरचं नाव आहे, सासरी बदललेलं नव्हे. ते नाव घरात आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

गौरीच्या दिवशी खीर त्यातूनच वाढणार आहे. आता शेवटचं एक विचारते: ती ठिपक्यांची अक्षरं आणखी झिजू नयेत म्हणून कागदावर शिसपेन्सिलने ठसा घेऊन ठेवला तर चालेल ना? की त्यानेही भांड्याला काही होईल?

चौपाखी

काही होत नाही. पातळ कागद घट्ट धरा, पेन्सिल आडवी फिरवा. दोन ठसे घ्या, एक नणंदांसाठी.