एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची) पहिली मीटिंग: कोण कसं पोचलं?

खाडीकाठी
काल मुलाच्या शाळेत पालकसभा. पहिलीच्या बाकावर बसलो आणि गुडघे अडकले. एकदम बाबा आठवले. २००४, मी अकरावीत. आपल्या गावात नको म्हणून एसटीने शेजारच्या तालुक्याला. रविवार, शाळा बंद, एकच वर्ग उघडा, फळ्यावर तेराचा पाढा तसाच. बाबा असेच बाकात अडकून बसलेले. चहा आला तर कप उचलेनात, हात थरथरत होते. शेजारच्या काकांनी काही न बोलता त्यांचा अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि कप परत पुढे सरकवला. अर्धा कप सांडत नाही. ते काका कोण, अजून माहीत नाही. तिथे आडनाव कोणी विचारत नाही.
तुम्ही कसे पोचलात? स्वतःसाठी, घरच्यांसाठी, कसंही. नावगाव नको.

बोंडूवाला
ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून चाळीस किलोमीटर गेलो. दारात आमच्याच वाडीतला दादा चपला काढतोय.
"तू हय खंय?"
"तू खंय, मी थंय."
येताना त्याच्याच बाईकवर. सहा वर्षं झाली, पेट्रोल अर्धं अर्धं.

तिसरी_घंटा
बोंडूवाला नाव घेऊन दारू सोडलीत?

बोंडूवाला
काजूची बाग आहे हो. उराक, म्हणजे बोंडूंची दारू, शेजारी काढतो, वास फुकट माझ्याकडे. एप्रिलभर खिडक्या बंद आणि खिशात खडीसाखर.

सुरंगी
मी अल-अॅनॉनवाली, म्हणजे घरच्यांची मीटिंग. नवरा यायला तयार नव्हता, मग मीच गेले. त्याआधी बारा वर्षं बाटल्या शोधून माडाच्या मुळात ओतत होते. तिथे एक बाई म्हणाल्या, त्याची दारू तुझ्यामुळे लागली नाही, तुला ती आवरता येणार नाही, तुला ती बरी करता येणार नाही. मला राग आला. एवढी मेहनत केली त्याचं काय? रिक्षात बसल्यावर रडू आलं. कुकर झाला, नंतर लिहिते.

तिसरी_घंटा
माड कसा आहे?

सुरंगी
झकास. शहाळी हवीत का?

कुलूपसमोर
मी गेलो तर कुलूप! वर धो धो पाऊस. यादी जुनी, मीटिंगची जागा बदललेली. समोर फक्त बारचा पत्रा. आत नाही गेलो, देवाशपथ, पत्र्याखाली उभा राहिलो. आणि तेवढ्यात एसटीतून मामाने बघितलं. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली, ह्याचं परत सुरू. तेव्हा आधी फोन करून जा. एएच्या साइटवर नंबर असतात.

पीएचसीताई
मध्येच घुसते. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी झटक्यात बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, मग भ्रम होतो, माणूस भिंतीवरचे नसलेले किडे वेचत बसतो. घरचे म्हणतात बाहेरचं काही लागलं, आणि नारळ घेऊन धावतात. आधी डॉक्टर, मग मीटिंग. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर फुकट लागतो.

गांवकर_घर
आमच्याकडे वर्षाला देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदाराची राखण, कोंबा आणि बाटली. मान आमच्या घराचा. गाऱ्हाणं झालं की बुचभर प्रसाद घ्यायचाच. सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी आदल्या रात्री झोप नाही. मीटिंगमधल्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, देवचाराची देवचाराला ओत, तुझ्या वाट्याची चुलतभावाला दे. दिली. कोणी काही बोललं नाही. एक म्हातारा बोलला, पण तो पावसालाही बोलतो.

नवा_इथे
फी किती असते? आणि दोघं-तिघंच असले तर अवघडल्यासारखं होत नाही का?

बोंडूवाला
फी नाही. शेवटी डबा फिरतो, वाटलं तर टाका, नाहीतर पुढे सरकवा. बाहेरच्यांचे पैसे घेतच नाहीत. आमच्याकडे एक पुढारी खुर्च्या द्यायला आले होते, पाठीवर नाव रंगवून. नको म्हटलं. अजून सतरंजीवर बसतो, कंबर मोडते ती वेगळी. आणि दोघांचं म्हणाल तर १९३५ साली अमेरिकेत ऍक्रनला दोघंच पिणारे बोलत बसले, एक शेअरबाजारातला, एक डॉक्टर. तिथूनच हे सुरू झालं. आमची गणपतीतली मीटिंग दोघांचीच असते.

खिडकीतली
बायका असतात का कोणी? मी दुसऱ्यांसाठी नाही विचारत.

सुरंगी
असतात. ऑनलाइनही मीटिंग होतात, कॅमेरा बंद ठेवता येतो. मेसेज कर गं, कधीही.

खिडकीतली
रेंज फक्त विहिरीपाशी येते. सासूबाई म्हणतात, हिला पाण्याची फार हौस.

तिसरी_घंटा
आमच्याकडे ती पण नाही. टॉवर उभा करून दोन वर्षं झाली, त्यावर घार बसते.

सुरंगी
@खाडीकाठी बाबा कसे आहेत?

खाडीकाठी
२०१९ मध्ये गेले. पंधरा वर्षं थेंब नाही. हात कधीच थांबले होते, तरी चहा अर्धाच मागायचे. आई अजून चुकून अर्धा कप जास्त टाकते.

नवा_इथे
फोन केला. एका काकांनी उचलला. नाव विचारलं नाही, एसटी कुठली मिळते ते विचारलं. म्हणाले रविवारी ये, येताना खाऊन ये, आमच्याकडे फक्त चहा.