नाताळात बोनी एम सोडून काय ऐकावं? गॉस्पेलची नवीन ध्वनिमुद्रणं सुचवा

पेटीमास्तर, फोंडा

नमस्कार मंडळी. मी भजनाला पेटी धरतो, चवथीला घुमट (मातीचं तालवाद्य) आरतीतही बसतो. डिसेंबर उजाडला की वरच्या बाजारातल्या दुकानांपासून पणजीच्या बसपर्यंत दोनच आवाज कानावर पडतात: बोनी एम आणि जिम रीव्हज. दोघांशी माझं वैर नाही, पण माणसाने किती ऐकावं?

शेजारची मुलगी त्यांच्या चर्चच्या कॉयरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज गाते. तिने मला गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत गाणाऱ्या महालिया जॅक्सनचा १९६२ चा नाताळचा अल्बम ऐकवला. 'सायलेंट नाइट' इतकं विलंबित कोणी म्हणत असेल असं वाटलं नव्हतं. बाई श्वास कुठे घेते ते शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. आता मला नवीन काहीतरी हवं आहे, शक्यतो गेल्या चार-पाच वर्षांतलं. गळा समोर पाहिजे, ऑर्गन असेल तर फारच छान, आणि त्या बारीक घंटा किणकिणतात ना मागे, त्या नसल्या तर उपकार होतील.

शेजाऱ्यांकडून दर नाताळाला कोंसुआद येते, दोदोल, नेवऱ्या, बेबिंका. ताट रिकामं परत करायचं नाही ही आमच्या आईची शिस्त. यंदा लाडवांबरोबर त्या मुलीला गाण्यांची यादीही द्यावी असं मनात आहे. तिला ठाऊक नसलेलं काही सुचवलंत तर माझी जरा पत राहील. कोकणी-मराठीतलं काही असेल तर तेही सांगा.

बासवाला, म्हापसा

मास्तर, बोनी एमला नावं ठेवू नका, कळंगुटच्या शॅकमध्ये माझा डिसेंबरचा पगार तेच देतात. आणि 'मेरीज बॉय चाइल्ड' मूळ कोणाचं ठाऊक आहे? जेस्टर हेअरस्टन यांचं. गुलामगिरीच्या काळातली स्पिरिच्युअल गाणी कॉयरसाठी बसवण्यात या माणसाचं आयुष्य गेलं. १९५६ मध्ये ते हॅरी बेलाफाँटेने म्हटलं, १९७८ मध्ये बोनी एमने त्यावर नाच चढवला. म्हणजे बसमध्ये तुम्ही जे ऐकून कंटाळलात ते त्याच परंपरेतून आलंय.

नवीन म्हणाल तर कोरी हेन्रीचा 'चर्च'. २०२४ चा. रूट्स, म्हणजे पारंपरिक ढंगाच्या गॉस्पेलचं ग्रॅमी २०२५ मध्ये त्यालाच मिळालं. नाताळचा नाही, पण तुम्ही पेटीवाले, हा ब्रुकलिनचा ऑर्गनवाला, अगदी लहानपणापासून चर्चमध्ये वाजवत आलेला. हात बघायचे असतील तर यूट्यूबवर त्याचं एकट्याचं ऑर्गनवादन शोधा. मी ते बघितलं आणि आठवडाभर कीबोर्डवाल्या मित्राशी बोललो नाही.

नगरची ताई, वास्को

मास्तर, माझं माहेर नगरचं, मिशन कंपाउंडातलं. लग्नानंतर यजमानांच्या बंदरातल्या नोकरीमुळे वास्कोला आले ती इथलीच झाले. नाताळची गाणी हा माझा वीक पॉइंट, तेव्हा लांबण लागेल.

माझी कसोटी एकच. मुद्रणात गाणाऱ्याखेरीज दुसरी माणसं ऐकू येतात का? गॉस्पेल समोरच्या मंडळीसकट गायचं असतं. समोरून कोणी हुंकार दिला नाही, टाळी दिली नाही, तर गाणाऱ्याला पुढची ओळ सुचत नाही. त्यालाच स्टुडिओत काचेमागे एकटं उभं केलं की सूर शाबूत राहतात आणि गाणं जातं. नाताळचे नवे अल्बम बहुतेक इथेच मार खातात. सीसी वायनन्सचा २०२४ चा 'जॉयफुल, जॉयफुल' घ्या. बाईंच्या गळ्याबद्दल मी काय बोलावं, पण सगळं इतकं कडक इस्त्रीचं की एकदा ऐकलं आणि पुन्हा हात गेला नाही. ज्यांना स्वच्छ, भरजरी वाद्यमेळ आवडतो त्यांनी जरूर ऐकावा.

तुमच्या शेजारणीला द्यायला समारा जॉयचा 'अ जॉयफुल हॉलिडे'. २०२३ चा, छोटासाच आहे. ही मुलगी १९९९ ची, ब्राँक्सची, जॅझ गाते. २०२३ मध्ये सर्वोत्तम नवोदित म्हणून ग्रॅमी मिळालं तेव्हा जगाला कळली. पण आजी-आजोबा फिलाडेल्फियातल्या गॉस्पेल गटातले, वडीलही गाणारे. या मुद्रणात 'ओ होली नाइट' तिने घरच्या माणसांना घेऊन म्हटलंय. तिथे लक्ष तिच्याकडे देऊ नका, मागच्या आवाजांकडे द्या. वर्षानुवर्षं एका स्वयंपाकघरात भांडलेले लोकच असं एकमेकांना सावरून गातात. भाड्याने आणलेल्या कॉयरला ते जमत नाही. वडिलांबरोबरचं द्वंद्वगीतही आहे. ते गोड आहे, थोडं जास्तच.

दुसरं, ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा. १९३९ मध्ये अलाबामातल्या अंध मुलांच्या शाळेत हा गट जमला. माणसं बदलत गेली, पण गट आजही गातोय. 'एकोज ऑफ द साउथ' हा २०२३ चा अल्बम, पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालेला. त्यात वाद्यं बेताची आणि आवाज खरखरीत, म्हाताऱ्या माणसांचे. मास्तर, तुम्हाला हेच आवडणार असं मला वाटतं. नाताळसाठी मात्र त्यांचा २००३ चा 'गो टेल इट ऑन द माउंटन' काढा. नवीन नाही, चालवून घ्या. टॉम वेट्सपासून मेव्हिस स्टेपल्सपर्यंत पाहुणे आहेत, आणि पाहुण्यांमुळे अल्बम बिघडला नाही असं माझ्या ऐकण्यात क्वचितच आलंय.

ते शीर्षकगीत लोकांनी तोंडी जपलेलं. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातल्या वर्क घराण्याने अशी गाणी गोळा करून छापली म्हणून ती उरली. याच फिस्कची मुलं १८७१ मध्ये संस्थेसाठी पैसे उभे करायला गात गात निघाली होती. त्यातली बरीचशी जन्माने गुलाम. विद्यापीठाच्या दीडशे वर्षांनिमित्त आताच्या फिस्क ज्युबिली सिंगर्सनी केलेल्या अल्बमला २०२१ मध्ये ग्रॅमी मिळालं. कॉयरमध्ये गाणाऱ्या मुलीने तो ऐकलाच पाहिजे.

आणि एक जुनं, त्याशिवाय नवं कळायचं नाही. अरीथा फ्रँकलिन, 'अमेझिंग ग्रेस', जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं एक बॅप्टिस्ट चर्च, लागोपाठ दोन रात्री. जेम्स क्लीव्हलंड पियानोवर आणि मागे कॉयर. मंडळी ओरडतायत, कोणी रडतंय, आणि बाई त्या सगळ्याच्या वर शांतपणे चढत जातात. तुमच्या महालिया जॅक्सन तर १९७१ मध्ये भारतात येऊन गायल्या होत्या, मुंबईलाही.

मराठीचं सांगते, पण जरा जड मनाने. ना. वा. टिळकांनी अभंगाच्या घाटात येशूची भजनं रचली, कृ. र. सांगळे यांनी कीर्तनाच्या अंगाने. 'उपासना संगीत' हे पुस्तक आमच्याकडे घरोघर. वडील पेटीवर म्हणत तेव्हा समोर टाळ असायचा, कधी मृदंग. आज यूट्यूबवर तीच भजनं शोधलीत तर कीबोर्डचा तयार ठेका आणि विहिरीत गायल्यासारखा घुमारा मिळेल. टाळ-मृदंगावर, मंडळीसकट कोणी नीट मुद्रित केलेलं सापडलं तर मला आधी कळवा, मी पदरचे पैसे देईन.

पेटीमास्तर, फोंडा

ताई, देव बरें करूं. ब्लाइंड बॉइज रात्रीच लावलं. तुमची कसोटी पटली, पण एक शंका आहे. लोक सर्रास म्हणतात की गॉस्पेल म्हणजे त्यांचं भजनच. मला तसं ऐकू येत नाही. आमच्यात बुवा ओळ टाकतो आणि टाळकरी तीच ओळ, त्याच चालीत उचलतात. इथे मागचे लोक भलतंच काही म्हणतात, कधी एकच शब्द धरून बसतात, आणि गाणारा त्यावर मोकळा फिरतो. शिवाय शेवटाकडे पट्टी चढवतात. आमच्यात असं मध्येच कोणी केलं तर पेटीवाला आधी मरतो. हे ठरवून असतं की तिथल्या तिथे?

नगरची ताई, वास्को

बरोबर पकडलंत. जुन्या चर्चमध्ये तुमच्यासारखंच होतं. पुस्तकं नव्हती, वाचता येत नव्हतं, म्हणून पुढारी ओळ सांगायचा आणि मंडळी ती लांबवून म्हणायची. गॉस्पेल त्यानंतरचं. १९३० च्या सुमाराला शिकागोत टॉमस डॉर्सी या ब्लूज वाजवणाऱ्या माणसाने चर्चच्या गाण्यात आपला पियानो आणला. बाळंतपणात बायको गेली, पाठोपाठ बाळ गेलं, त्या दुःखात १९३२ मध्ये लिहिलेलं 'प्रेशियस लॉर्ड' हे त्याचं गाणं महालियाबाई आयुष्यभर गायल्या.

तुम्ही म्हणता ती शेवटाची जागा म्हणजे व्हॅम्प. गाणं संपलेलं असतं. एक छोटा तुकडा उरतो, तो कॉयर घोळत राहतो, आणि मुख्य गाणारा त्याच्यावर बोलतो, ओरडतो, साक्ष देतो. किती वेळ चालायचं हे समोरची मंडळी ठरवते. पट्टी अर्ध्या सुराने चढते ती पुष्कळदा खुणेवर. डायरेक्टर बोट वर करतो आणि ऑर्गनवाला आधीच्या सुरातून वाट काढून देतो. म्हणून त्या परंपरेत ऑर्गनवाल्याला मान. तो गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत वाजवतो, प्रवचनकाराच्या वाक्यामागेसुद्धा सूर भरतो.

हॅमंड ऑर्गन १९३५ चा. पाइप ऑर्गन परवडत नाही अशा चर्चना विजेवर चालणारा स्वस्त पर्याय म्हणून तो खपला, आणि त्याच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून जो थरथरता आवाज निघतो तो पुढे गॉस्पेलची ओळखच झाला. सोयीसाठी आणलेलं वाद्य असं डोक्यावर बसतं. परदेशातून आलेली तुमची पेटी काय वेगळं करून बसली? आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बाहेर काढलं होतं, तरी भजनातून ती कोणाला हलवता आली नाही.

रायतूरकर

कोकणी-मराठीचा प्रश्न मागे पडला म्हणून दोन शब्द. फादर टॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये इथेच रायतूरला छापलं गेलं, मराठी ओवीत, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. ते नुसतं वाचायचं नव्हतं, चर्चमधून म्हटलं जायचं. जुन्या छापील आवृत्त्यांची प्रत हाती उरली नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापलं तेव्हा ते सर्वांना मिळालं. त्यातला येशूजन्माचा भाग कोणी ओवीच्या चालीत, साध्या तंबोऱ्यावर मुद्रित करावा असं मला फार वाटतं. मास्तर, तुमचं मंडळ मोकळं असेल तर बघा.

कोकणीत 'गायनांचो झेलो' हे भक्तिगीतांचं पुस्तक चर्चमधून वापरात आहे, त्यातली नाताळची गाणी तुमची शेजारीण पाठ म्हणून दाखवेल. मुद्रणं शोधण्यापेक्षा चोवीस तारखेच्या रात्रीच्या मिसेला मागच्या बाकावर जाऊन बसा. ताईंच्या कसोटीला तेच उतरेल. कोणी हटकणार नाही. मी जातो, कपाळावर गंध असतं, आजवर कोणी काही म्हटलेलं नाही.

गॉस्पेल मात्र मला झेपत नाही. दहा मिनिटांनी डोकं दुखतं.

बासवाला, म्हापसा

रायतूरकर काका, डोकं दुखतं कारण तुम्ही मोबाइलच्या स्पीकरवर ऐकता. खाली बास आणि ऑर्गनचे पेडल आहेत ते गायबच होतात, वर नुसती आरडाओरड उरते. कोणाकडून तरी बरा हेडफोन मागून घ्या.

मास्तर, यादीत अजून एक टाका. 'हँडल्स मेसाया: अ सोलफुल सेलिब्रेशन', १९९२. जुना युरोपीय संगीतकार हँडल याचं तेच ओरॅटोरिओ (गायक, कॉयर आणि वाद्यवृंदासाठीची मोठी धार्मिक रचना), १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा झालेलं, पण गॉस्पेल, जॅझ, हिप-हॉप करून. शेवटचा 'हालेलुया' क्विन्सी जोन्सने चालवलाय, केवढा तरी मोठा कॉयर घेऊन. आल्टो गाणाऱ्या मुलीने हँडलचा 'हालेलुया' कधी ना कधी घोकलेला असणारच, त्यामुळे तिला यात काय काय उलटंपालटं केलंय ते लगेच कळेल. आणि कर्क फ्रँकलिनचा १९९५ चा नाताळचा अल्बम. ताईंना तो गोंगाट वाटेल, मला चालतो.

नगरची ताई, वास्को

कर्क फ्रँकलिन गोंगाटच आहे. पण मंडळी ऐकू येते, म्हणून पास.

पेटीमास्तर, फोंडा

यादी झाली. समारा जॉय आणि फिस्कवाले शेजारणीला, मेसायाही तिलाच. ब्लाइंड बॉइज आणि अरीथाबाई माझ्याकडे ठेवतो. रायतूरकर, ओव्यांचं मनावर घेतलंय. पुराणाची प्रत कुठे मिळेल ते वेगळं कळवा, बुवांना विचारून बघतो.

काल घुमटवाल्याला घरी बोलावून अरीथाबाई ऐकवल्या. त्याने पहिल्याच मिनिटात मांडीवर ताल धरला आणि पहिल्या मात्रेवर टाळी हाणली. तिकडची सगळी मंडळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तीनदा हरला, मग माझ्यावरच चिडला, म्हणाला हे लोक समेला घाबरतात की काय. बासवाले, तुम्ही एखाद्या रविवारी फोंड्याला या आणि त्याला समजावा. चहा-भजी माझ्याकडे.