वाढदिवसाची पंगत सकाळी नऊला: सोय की हौस?

ओसरी

येत्या डिसेंबरात आमच्या कन्येला चार वर्षे पूर्ण होत आहेत आणि वाढदिवस नेमका रविवारी आला आहे. संध्याकाळी सातला सभागृह, आठनंतर केक, नऊला पावभाजी आणि दहाच्या सुमारास पेंगुळलेली, किरकिरणारी मुले कडेवर घेऊन निघालेले पालक, हा क्रम अनेक घरी पाहून झाल्यावर यंदा आपण वाढदिवस सकाळी नऊ ते साडेअकरा या वेळेत आणि तोही नाश्त्याचाच करावा, असे आम्हा दोघांच्या मनात आले आहे. मुलांनी रात्रीच्या कपड्यांतच यावे, केकऐवजी छोट्या पॅनकेकची उतरंड रचून तिच्यावर मेणबत्ती लावावी, आणि शेजारी कांदेपोहे, छोट्या इडल्या, आप्पे, शिरा, फळे आणि दूध मांडावे, अशी कल्पना आहे. मुले चौदा आणि मोठी माणसे धरून एकूण पस्तीस जण होतील. जागा आमच्याच सोसायटीचे सभागृह, कोथरूडमध्ये. सासूबाईंना बेत पसंत आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मते मात्र ही निव्वळ फोटोंसाठी केलेली हौस असून रविवारी सकाळी नऊला कोणीही फिरकणार नाही. दोन्ही बाजूंची मते वाचायला आवडतील.

सांजवेळ

तुमच्या बहिणीचे म्हणणे मला पटते. आठवड्याचे सहा दिवस डबे, रिक्षाकाका आणि शाळेची घंटा यांच्या तालावर उठणाऱ्या घराला रविवारची सकाळ हीच काय ती सुटका असते, आणि तुम्ही तिच्यावरच आमंत्रण पाठवत आहात. पिंपरी-चिंचवडहून किंवा हडपसरहून येणाऱ्या कुटुंबाला नऊला कोथरूडमध्ये पोहोचायचे तर आठला घर सोडावे लागेल, म्हणजे सातला मूल उठवावे लागेल. रात्रीच्या कपड्यांत बोलावण्याची कल्पना कागदावर गोड वाटते. पण डिसेंबरच्या थंडीत पातळ पायजम्यातले मूल दुचाकीवर पुढे बसवून आणणाऱ्या बापाला ती कशी वाटेल, याचाही विचार व्हावा. शिवाय लहान मुलाचा वाढदिवस हा मोठ्यांनीही एकमेकांना निवांत भेटण्याचा प्रसंग असतो. संध्याकाळी माणूस सैलावलेला असतो. सकाळी त्याचे अर्धे लक्ष दुपारच्या स्वयंपाकाकडे आणि भाजीकडे असते.

बडबडगीत

मी बालवाडी चालवते, त्यामुळे माझे मत मुलांच्या बाजूने झुकलेले असणार, हे आधीच सांगते. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते. संध्याकाळच्या समारंभात नेमके काय होते, तर पाहुणे येणार म्हणून दुपारची झोप बुडते आणि रात्रीची दोन तास पुढे जाते. मग ज्याचा वाढदिवस तेच मूल केक कापण्याच्या वेळी आईच्या खांद्यावर डोके ठेवून रडत असते आणि फोटोसाठी त्याची हनुवटी वर उचलावी लागते. हेच मूल सकाळी दहाला पाहा: खेळते, गाणे म्हणते, खाते, दुसऱ्याला आपला चेंडूही देते. मोठ्यांना संध्याकाळ सोयीची आहे, हे मान्य. पण तो वाढदिवस मोठ्यांचा नाही.

बेतातली एक गोष्ट मात्र तातडीने बदला. पोह्यांत आणि साबुदाण्याच्या खिचडीत आपण सवयीने अख्खे शेंगदाणे घालतो. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नये, कारण हसता-धावताना तो श्वासनलिकेत जाऊन अडकू शकतो. द्राक्षांचेही तसेच, ती अख्खी न ठेवता उभी चिरून चार फोडी कराव्यात. दाण्यांची ॲलर्जी ही निराळी गोष्ट असून त्यासाठी कूटही चालत नाही, म्हणून प्रत्येक पालकाला आमंत्रणाबरोबरच विचारून घ्यावे.

कढीपत्ता

मला वेळेबद्दल काही म्हणायचे नाही. माझा विरोध स्वयंपाकघरातून आहे, आणि आतापर्यंत त्या बाजूने कोणी पाहिलेलेच दिसत नाही.

संध्याकाळच्या पावभाजीची, छोल्यांची किंवा पुलावाची गंमत अशी की ते दुपारी तीनला करून ठेवता येतात आणि सातला गरम करून वाढता येतात. नाश्त्याचे पदार्थ जवळजवळ सगळे तव्यावरून थेट बशीत जाणारे आहेत. पोहे पंधरा मिनिटांत गार होतात आणि गार झाले की चिवट होतात. डिसेंबरात तर त्याहूनही लवकर. दुसऱ्यांदा वाफ दिली तर खालचे करपतात आणि वरचे लगदा होतात. आप्प्यांचा हिशेब करून पाहा. माणशी चार धरले तरी पस्तीस जणांचे एकशे चाळीस आप्पे होतात. बारा खळग्यांच्या आप्पेपात्रात एका घाण्याला दोन्ही बाजूंनी मिळून सात मिनिटे लागतात, म्हणजे बारा घाण्यांना जवळजवळ दीड तास. तेवढा वेळ कोणीतरी सुरी घेऊन खळग्यांच्या कडा सोडवत उभे राहणार आहे, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुधा तुम्हीच.

इडलीचे पीठ हा आणखी एक घोर. पुण्यात डिसेंबरात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. उन्हाळ्यात आठ तासांत वर येणारे पीठ या दिवसांत चौदा-सोळा तास घेते आणि कधीकधी तरीही ढिम्म बसून राहते. शनिवारी रात्री वाटून रविवारी सकाळी इडल्या करू, असे ठरवले असेल तर ते होणार नाही. शनिवारी दुपारपर्यंत वाटण होऊन भांडे उबेत, निदान दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये, ठेवावे लागेल.

आणि सभागृहात तुम्ही शेगडी कशावर पेटवणार? बहुतेक सोसायट्या सभागृहात गॅसचा सिलिंडर आणू देत नाहीत. विजेची शेगडी न्यावी म्हटले तर २००० वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. भिंतीवरच्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही, आणि मोठ्या सॉकेटवर एक्स्टेन्शन लावून दोन शेगड्या चालवल्या की मुलीचे औक्षण चालू असतानाच अंधार होण्याची शक्यता आहे. यजमानीण पहाटे पाचपासून ओट्यापाशी उभी आणि पाहुणे तिची विचारपूस करून निघून गेले, याला मी लेकीचा वाढदिवस म्हणणार नाही.

अर्धाकच्चा

अंड्याचा उल्लेख कोठेच दिसत नाही. ऑम्लेट-पाव नसलेला नाश्ता मी नाश्त्यात धरत नाही. असो. पण पॅनकेकमध्ये अंडे घालणार असाल तर तसे स्पष्ट लिहून ठेवा. न खाणाऱ्या घरातल्या मुलाने ते नकळत खाल्ले, तर पुढची दोन वर्षे त्याची आजी तुमच्याशी बोलणार नाही.

पाटावरवंटा

ही नवी टूम आहे, असे समजून येथे वाद चालला आहे, याचे मला नवल वाटते. आमच्या लहानपणी वाढदिवस सकाळीच होत असे. तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, नवे कपडे घालून पाटावर बसवायचे, पाटाभोवती रांगोळी काढायची, आईने आणि आजीने सुपारी व सोन्याची अंगठी तबकात ठेवून औक्षण करायचे, आणि मग शिरा नाहीतर शेवयांची खीर. संध्याकाळचा केक नंतर आला. म्हणून सकाळच्या वेळेला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण ज्या दिवशी मुलाला न्हाऊमाखू घालून नटवायचे, त्याच दिवशी रात्रीच्या कपड्यांत बोलवायचे, हे मला मुळीच रुचलेले नाही. परदेशातल्या एखाद्या चित्रातून उचललेली ही कल्पना आहे, आणि तिच्यामुळेच तुमची बहीण फोटोंची हौस म्हणते. पॅनकेकच्या उतरंडीचीही मला गरज दिसत नाही. आमच्याकडे कोकणात तांदळाचे घावन आणि गुळाचे नारळाचे दूध करतात. मुले ते बोटे चाटून खातात.

सांजवेळ

पाटावरवंटा, तुम्ही वर्णन केलेला वाढदिवस घरच्यांचा होता. त्याला पस्तीस माणसे आणि सभागृह नव्हते. सकाळी घरी औक्षण आणि संध्याकाळी समवयस्क मुले, अशी जी वाटणी पुढे रूढ झाली, ती मला अत्यंत शहाणपणाची वाटते. परंपरेचा आधार घ्यायचा तर पूर्ण घ्यावा. वेळ परंपरेची आणि गर्दी आजची, असे करून चालणार नाही.

बडबडगीत

गर्दीचा मुद्दा योग्य आहे, परंतु त्यावरचा उपाय गर्दी कमी करणे हा आहे. ती मुलांच्या झोपेच्या वेळेत ढकलणे हा नव्हे. चार वर्षांच्या मुलीला चौदा मित्र नसतात. तिला फार तर पाच-सहा जण ठाऊक असतात आणि बाकीचे आपल्या मैत्रिणींची मुले असतात. कढीपत्ता यांनी मांडलेले सगळे आकडे निम्मे केले तर तो स्वयंपाक घरच्या ओट्यावर होऊ शकतो आणि सभागृहाचा प्रश्नच उरत नाही.

कढीपत्ता

निम्मे केले तर माझा अर्धा विरोध मावळतो, हे कबूल. उरलेला अर्धा साखरेबद्दल आहे, कारण सकाळचा बेत म्हणजे पौष्टिक बेत, अशी एक समजूत या चर्चेत दबक्या पावलांनी शिरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. या वयाच्या मुलाला साधारण १३०० ते १४०० उष्मांक लागतात, म्हणजे ही मर्यादा तीस ते पस्तीस ग्रॅमच्या घरात जाते. चॉकलेटचे सार ओतलेले दोन पॅनकेक, वाटीभर शिरा आणि पेलाभर रंगीत गोड दूध एवढ्यात ती सकाळी साडेदहालाच ओलांडली जाईल. वर्षातून एकदा गोड खाल्ल्याने काही बिघडत नाही. पण मग त्याला केकच म्हणावे आणि निश्चिंतपणे खावे. एकच गोड पदार्थ ठेवा, बाकी सगळे तिखटमिठाचे, आणि दूध साधे.

आप्पे काढून टाका. इडल्या सातला वाफवून ओलसर फडक्यात गुंडाळून उष्णता राखणाऱ्या डब्यात भरल्या की नऊलाही मऊ राहतात. पोहे पाहुणे आल्यावरच परतायला घ्या; भिजवून, चाळणीत निथळून, मीठ-साखर लावून तयार ठेवले तर पुढचे काम दहा मिनिटांचे आहे. एक किलो जाड पोह्यांत मोठ्यांच्या बारा ते पंधरा बशा होतात. सोबत इडली असल्याने तुम्हाला तेवढे पुरून उरतील. मुलांसाठी मिरची न घातलेली वेगळी कढई ठेवायला विसरू नका.

ओसरी

सर्वांचे आभार. रात्रीच्या कपड्यांची कल्पना आम्ही सोडली आहे. दुचाकीचा मुद्दा मनाला लागला. मुले सात, ज्यांची नावे मुलीने स्वतः घेतली तीच. सभागृह रद्द केले असून सगळे घरीच होईल. पोह्यांतले दाणे गेले आणि आप्पेही गेले. सासूबाई घावन करायला तयार आहेत, त्यामुळे गोडाचा प्रश्न गुळाच्या नारळदुधावर सुटला. मात्र पॅनकेकची उतरंड मुलीला दाखवून बसल्यामुळे ती आता मागे घेता येत नाही. एक लहानशी, अंडे न घातलेली उतरंड होईल आणि तिच्यावर सार ओतले जाणार नाही. वेळ मात्र नऊचीच ठेवावी असे वाटते, कारण उशीर झाला तर मुले घरून खाऊन येतील.

सांजवेळ

नऊ लिहिले तर लोक दहाला येतील आणि तोवर तुमची मुलगी भुकेने रडायला लागलेली असेल. साडेनऊ लिहा, तिला आठला पेलाभर दूध आणि एक इडली आधीच द्या, आणि आमंत्रणात नाश्ता आमच्याकडेच आहे हे ठळक लिहा. सकाळच्या समारंभाला माझा विरोध अजूनही कायम आहे.