मदत हवी आहे: कॅनडातल्या क्वेबेक सिटीला एनएचएलचा (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) संघ परवडेल का?

मंडळी, लेकीला शाळेत या विषयावर बोलायचंय. आम्ही कॅनडातच, विनिपेगला राहतो. इथला जेट्स संघ १९९६ मध्ये फिनिक्सला गेला. २०११ मध्ये अटलांटाचा संघ इथे आला, तेव्हा कुठे गावाचा जीव भांड्यात पडला. शेजारचे आजोबा अजूनही जुन्या जेट्सची विटकी जर्सी घालून दारातला बर्फ उपसतात.

क्वेबेकचा नॉर्डिक्स मात्र १९९५ मध्ये कोलोराडोला गेला तो गेलाच. २०१५ मध्ये अठरा हजार प्रेक्षकांचं नवं स्टेडियम उभं राहिलं, तरी संघ नाही! खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटांची कमाई कॅनेडियन डॉलरमध्ये. मला तरी खरी मेख इथेच वाटते.

क्वेबेककडे कुणी राहतं का? सीझन तिकिटं घेतील एवढ्या मोठ्या कंपन्या तिथे आहेत का? शुक्रवारपर्यंत कळवाल?