मदत हवी आहे: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बंद दगडखाणीचा ढीग पावसाआधी कसा सावरावा?

वाळपईकर:
काळ्या दगडाची खाण, काम बंद. कडेला माती, मुरूम आणि क्रशरच्या भुकटीचा ढीग: उंची 9 मीटर, लांबी 60, उतार साधारण 40 अंश. पायथ्याला व्हाळ (ओढा), पलीकडे कुळागर (पोफळीची बाग). माथ्यावर काठाला समांतर बोट जाईल एवढी भेग पडलीय. खाली सिमेंटची भिंत आणि उतारावर अकेशिया, एवढ्यावर भागेल का? मे अर्धा सरलाय.

मुरूम_खडी:
नाही भागणार. भेग पडली म्हणजे काठ सुटायला लागलाय. तिच्यात पाणी भरलं की ते काठाला बाहेर रेटतं. सलग भिंत ढिगातलं पाणी अडवेल आणि त्याच पाण्याच्या दाबाने उलथेल.

आधी वजन उतरवा. उतार 1:2 धरा: 9 मीटर उंचीला आडवे 18 मीटर लागतात, तुमच्याकडे जेमतेम 11 आहेत. व्हाळाकडे सरकता येत नाही, तेव्हा माथा 7 मीटर मागे घ्या. लांबीच्या दर मीटरमागे सुमारे 33 घनमीटर, एकूण 2000 च्या आसपास. पोकलेन वरून खाली उतरत आणायचा. पायथा उकरायचा नाही, ढीग त्यावरच टेकलाय. निघालेला माल खाणीच्या खड्ड्यात, पाणी उपसून, 30 सेंटीमीटरच्या थरांनी रोलर फिरवत भरा. काठावरून नुसता ढकललेला भराव पुढे खचतच राहतो. खाण खात्याला आधी लेखी कळवा.

वाळपईकर:
10 घनमीटरच्या टिप्परने 200 खेपा. नाही जमल्या तर?

मुरूम_खडी:
मग निदान भेगेबाहेरचा काठ उतरवा. उरलेली भेग चिकणमातीने ठोकून बुजवा. माथ्यामागे चर काढून पाणी ढिगाला वळसा घालून गाळाच्या खड्ड्यात सोडा, तिथून व्हाळात. पायथ्याला तारजाळीत दगड भरून भिंत घाला, मागे जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड. नाहीतर भुकटी दगडांतून वाहून कुळागरात जाईल.

हिरवळ:
अकेशिया इतक्या उभ्या, सैल उतारावर नको, वाऱ्यात मुळासकट उपटतो. उतार कमी केल्यावर काथ्याची जाळी अंथरा, खुंट्यांनी घट्ट बसवा आणि पहिल्या सरींनंतर वाळा लावा: ओळीत 10 ते 15 सेंटीमीटरवर, दर मीटर उंचीला समपातळीत एक ओळ. मात्र वाळा वरची माती धरतो, खोल घसरण थांबवत नाही.

मुरूम_खडी:
भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज अंतर मोजा. ते वाढतंय असं दिसलं, तर गड्यांना कुळागरात उतरू देऊ नका, मग ऊन पडलेलं असलं तरी.