मदत हवी आहे: युक्रेनच्या सीमेवरून युद्धामुळे निघालेल्या लोकांना गाडीने आणायचंय, पहिली फेरी रिकामी गेली

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत ड्रेस्डेनला असतो, मूळचा कोल्हापूरचा. गेल्या शनिवारी, १२ मार्च २०२२ला, गाडी घेऊन पोलंडच्या टोकाला मेदिकाला गेलो आणि रविवारी रात्री रिकाम्या गाडीने परत आलो. येत्या शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा निघणार आहे. मागच्या वेळचा घोळ परत नको, म्हणून विचारतोय. जे प्रत्यक्ष जाऊन आलेत किंवा बर्लिन, क्राकोव्हकडे मदतीला उभे आहेत त्यांनी कृपया सांगा.

झालं काय, तर रस्ता सोपा. इथला ए-४ महामार्ग गर्लिट्झला सीमा ओलांडल्यावरही ए-४च राहतो, थेट युक्रेनच्या सीमेपर्यंत. जवळजवळ ८०० किमी. मेदिकाला लोक पायी येतात. बायका, पोरं, म्हातारी माणसं. १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी आहे, त्यामुळे बाप्यामाणूस क्वचित. तंबूंत गरम सूप, कपड्यांचे ढीग, आणि बाहेर माझ्यासारखे पुठ्ठे धरून उभे असलेले लोक. माझ्या पुठ्ठ्यावर मोबाईलमधून बघून काढलेली युक्रेनी अक्षरं: 'ड्रेस्डेन, ३ जण, पैसे नकोत.' चार तास उभा होतो.

शेवटी एक बाई थांबली. दहाएक वर्षांची मुलगी बरोबर, आणि खांद्याला पिशवी. पिशवीची चेन अर्धी उघडी, आत मांजर. मोबाईलवर भाषांतर करत बोलणं झालं, बाई हो म्हणाली, सामान डिकीत ठेवलंसुद्धा. मग तिने गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढला. मग माझा. कुणाला तरी पाठवले. दोन मिनिटांत फोन आला, ती खूप वेळ बोलली, आणि येऊन तिने स्वतःच बॅग खाली उतरवली. छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

खोटं कशाला बोलू, राग आला. मी काय पोरं पळवणारा दिसतो? नंतर जवळच्या प्शेमिशल शहराच्या स्टेशनात चहा घ्यायला गेलो तर भिंतीवर सूचना लावलेली. मोबाईल धरून वाचली: अनोळखी गाडीत बसू नका, नंबरप्लेटचा फोटो घरच्यांना पाठवा, पासपोर्ट कुणाच्या हातात देऊ नका. बाईने अगदी तेच केलं होतं. मला मुलगी आहे, मीही तिला हेच शिकवलं असतं.

तर आता प्रश्न. प्शेमिशलला जुन्या टेस्को सुपरमार्केटच्या इमारतीत निवारा केंद्र आहे, तिथे ड्रायव्हरची नोंदणी होते असं कळलं. भारतीय पासपोर्ट आणि जर्मन रेसिडेन्स कार्डावर चालते का? एकट्या पुरुषाने जावंच का? बायको येऊ शकत नाही, धाकटा आठ महिन्यांचा आहे. आणि इथे आणल्यावर पुढे काय? नुसतं स्टेशनवर सोडून यायचं नाहीये.

(आईला सांगितलं तर म्हणाली, "जा की. आपल्या वळिवड्यात ही पोलंडची माणसं राहून गेलीत." कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला त्यांची छावणी होती, १९४३ ते ४८, तेव्हा ते निर्वासित होते. शाळेत असताना कधी डोक्यात शिरलं नव्हतं.)

उंटावरचा शहाणा: १६०० किमीचं तेल जाळून तीन माणसं? तेच पैसे रेड क्रॉसला द्या, जास्त कामी येतील. चार दिवस हिरो झाल्यासारखं वाटतं, बाकी काय.

बर्लिनकर: वरच्यांचं बोलणं कडू आहे, पण अर्धं खरं आहे. मी दोन आठवडे बर्लिनच्या मुख्य स्टेशनवर स्वयंसेवकाचं जॅकेट घालून उभा आहे. पोलंडमध्ये आणि जर्मनीत युक्रेनच्या लोकांना रेल्वे फुकट आहे, ज्यांना चढता येतं ते येतातच. गाडी लागते ती रेल्वेत न मावणाऱ्यांना: व्हीलचेअरवरची आजी, चार दिवसांची बाळंतीण, दोन कुत्री घेऊन निघालेला म्हातारा. हे लोक पुठ्ठा बघून येत नाहीत, केंद्रातल्या नोंदणीच्या टेबलावरून मिळतात. म्हणून नोंदणीशिवाय जाऊच नका. पासपोर्ट, कार्ड, लायसन्स, गाडीचे कागद सगळं न्या. माझ्याबरोबरच्या एका तेलुगू मुलाची नोंद भारतीय पासपोर्टवर झाली, फक्त वेळ लागला.

आणखी थोडं, अनुभवाचं. त्यांनी फोटो मागायच्या आधी तुम्हीच तुमचं ओळखपत्र पुढे करा, 'घरी पाठवा' म्हणा. वाटेत पोलिसांनी थांबवलं तर त्यांचे पासपोर्ट तुम्ही गोळा करून देऊ नका, ज्याचा त्याने द्यावा. थांबायचं ते उजेडाच्या, गर्दीच्या पेट्रोल पंपावर, आणि आधी नकाशावर बोट ठेवून दाखवा. डोंगराआडचा शॉर्टकट अजिबात नको. नवरा कुठे आहे, घर राहिलंय का, हे विचारू नका. सांगायचं असेल तर सांगतात. आणि झोप काढल्याशिवाय परत निघू नका बुवा, जाताना तुमची रात्रच गेलेली असणार.

पुढचं म्हणाल तर ४ मार्चला युरोपीय संघाने तात्पुरतं संरक्षण लागू केलंय, आश्रयाच्या अर्जात अडकायला नको. ड्रेस्डेनमधलं घर निघण्याआधी ठरवा, यजमानांचा पत्ता आणि फोन लिहून त्या टेबलावर द्या.

वऱ्हाडी व्रोत्स्वाफ: दादा, ए-४ माझ्या घरावरूनच जातो. मला व्रोत्स्वाफला उचलून घ्या, मी येते. पोलिश कामापुरतं बोलता येतं, आणि गाडीत एक बाईमाणूस असलं की समोरच्या बाईचा जीव भांड्यात पडतो. परतीचं अर्धं अंतर मी चालवीन. खायला मसालेदार काही घेऊ नका, केळी, बिस्किटं, पाणी पुष्कळ. वळिवड्याबद्दल: त्या छावणीच्या जागेवर पुढे फाळणीतले सिंधी येऊन राहिले, आताचं गांधीनगर. लग्नाचे कपडे आम्ही तिथूनच आणले, आणि हे मला इथे येऊन कळलं!

धागाकर्ता: ताई, फार मोठा प्रश्न सोडवलात. व्यनि (खासगी निरोप) केला आहे. बर्लिनकर, सहकाऱ्याच्या आईकडे दोन खोल्या आहेत, आजच पत्ता लिहून घेतो. शहाणे, तुमच्या म्हणण्यावर विचार केला. रेड क्रॉसलाही देतो, पण जातोच.

आता एकच राहिलं. इथे १२ वर्षांखालच्या आणि १५० सेंमीपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खास सीट लागते. माझ्याकडे मुलीची एकच आहे. शुक्रवारपर्यंत ड्रेस्डेन किंवा वाटेत कुणाची उसनी मिळेल का?

वऱ्हाडी व्रोत्स्वाफ: पाठ नसलेली, नुसती बैठकीची एक आहे माझ्याकडे, आणते. मागच्या सीटवर जुनी चादर टाका, मांजर असलं तर.