लिंबावरच्या कोषातून निघालेली गांधीलमाशी ओळखायला मदत हवी आहे

मंडळी, कोथरूडला आमच्या गॅलरीत कुंडीतल्या लिंबावर फुलपाखराचा कोष होता. लेक रोज सकाळी बघायची. परवा कोषाला गोल भोक दिसलं, शेजारी जेमतेम ६ मिलिमीटरची काळी गांधीलमाशी. लेक रडली, मलाही वाईट वाटलं. पण भिंगाखाली बघितल्यावर नजर हटेना. मागच्या पायाची मांडी टम्म फुगलेली, खालच्या कडेला बारीक दात, टोकाला पिवळा ठिपका. पंखांत शिरा जवळजवळ नाहीतच.

म्हणजे कुळ चॅल्सिडिडी, दुसऱ्या किड्यांच्या अंगात वाढणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांचं. अशा मांड्या ल्यूकोस्पिडी कुळातही असतात, पण त्या पंख लांबीत दुमडून बसतात; हिचे सपाट होते. डोक्यावर शिंगं नाहीत, त्यामुळे याच कुळातली शिंगं असलेली डिरायनस प्रजाती बाद. अडलंय ते ब्रॅकिमेरिया प्रजाती की हॅल्टिसेलिनी उपकुळातली कुणी, यावर. नडगीचं टोक तिरकं आणि काट्यात संपणारं असेल तर ब्रॅकिमेरिया. पण माशी काल मेली आणि नडगी मांडीला घट्ट चिकटून वाळली आहे. न मोडता ती सोडवायची कशी? आकुर्डीच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात असा एखादाच नमुना कुणी नेऊन दाखवला आहे का?